घरून खेळलेले डार्ट्स आणि रिकाम्या सभागृहातले डार्ट्स

कोविडच्या साथीतल्या 2020 सालच्या व्यावसायिक डार्ट्सचा (गोल बोर्डावर छोटे बाण फेकण्याच्या खेळाचा) विषय निघाला की ‘त्या वर्षी सगळे घरूनच खेळले’ हे वाक्य हमखास कानावर पडते, आणि ते चुकीचे आहे. त्या वर्षी दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पीडीसी या व्यावसायिक डार्ट्स संघटनेची ‘होम टूर’ ही स्पर्धा चालली, तीत प्रत्येक खेळाडू आपापल्या घरी, आपल्याच बोर्डासमोर उभा राहून कॅमेऱ्यापुढे खेळला. जुलैत खेळाडू पुन्हा एका छताखाली आले, फक्त खुर्च्या रिकाम्या होत्या. दोन्हीकडे प्रेक्षक नव्हते, एवढ्या एका साम्यावरून या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या जातात, विजेत्यांच्या याद्या एकत्र होतात आणि सरासरीचे (दर तीन डार्टांमागील गुणांचे) आकडे शेजारी शेजारी मांडले जातात.

सभागृहातला खेळ वाचकांना ठाऊक आहेच, त्यामुळे तो थोडक्यात. एरवी ब्लॅकपूलच्या विंटर गार्डन्समध्ये होणारी वर्ल्ड मॅचप्ले स्पर्धा त्या जुलैत मिल्टन कीन्सच्या मार्शल अरीनात झाली आणि दिमित्री व्हॅन डेन बर्गने अंतिम लढतीत गॅरी अँडरसनला 18-10 असे हरवले. जागा बदलली, टाळ्या गेल्या, पण स्पर्धा तीच राहिली. याचा याहून स्पष्ट दाखला 2021 च्या विश्वविजेतेपद स्पर्धेत मिळतो. डिसेंबर 2020 मध्ये अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये पहिल्या रात्री प्रेक्षक होते, त्यानंतर लंडनमधले निर्बंध कडक झाल्याने उरलेली स्पर्धा त्यांच्याविना पार पडली आणि जानेवारीत गर्विन प्राइस विजेता ठरला. पहिल्या रात्रीचे सामने एका जातीचे आणि पुढचे दुसऱ्या जातीचे, असे कोणी म्हणत नाही. प्रेक्षकांच्या असण्या-नसण्याने स्पर्धेची जात ठरत असती, तर तसे म्हणावे लागले असते.

मग जात कशाने ठरते? दोन खेळाडू एकाच बोर्डावर, एकाच रेषेवरून, एकाच पंचासमोर डार्ट फेकतात की नाही, यावरून. सगळा घोळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबायला हवे.

डार्ट्समध्ये प्रतिस्पर्धी तुमच्या फेकीत हात घालू शकत नाही. टेनिससारखा चेंडू परत येत नाही, बुद्धिबळासारखी सोंगटी मारली जात नाही, प्रत्येकाने आपले 501 गुण स्वतःच शून्यापर्यंत उतरवायचे असतात. म्हणूनच हा खेळ दोन घरांतून खेळता येतो आणि म्हणूनच ‘मग फरक काय पडला?’ असा प्रश्न सहज विचारला जातो. फरक बोर्डाजवळ जाऊन पाहिल्याखेरीज दिसत नाही. ट्रेबलची, म्हणजे तिप्पट गुण देणारी, पट्टी जेमतेम 8 मिलिमीटर रुंद असते. नियमाप्रमाणे बुलचा (बोर्डाच्या केंद्रातल्या वर्तुळाचा) मध्य जमिनीपासून 1.73 मीटर उंच, फेकीची रेषा बोर्डाच्या पृष्ठभागापासून 2.37 मीटर दूर आणि रेषेपासून बुलपर्यंतचे तिरके अंतर सुमारे 2.93 मीटर असायला हवे. सभागृहात ही मापे आयोजक एकदा बसवतात आणि त्यात काही उणे-अधिक राहिलेच, तरी ते दोघांच्याही वाट्याला सारखेच येते. ट्रेबल 20 चे तंतू झिजून सैल झाले असतील, तर दोघांचेही डार्ट त्याच सैल जागी जातात. दिव्याची सावली पडत असेल, तर ती दोघांवरही पडते. घरून खेळताना मात्र बोर्ड दोन, दिवे दोन, रेषाही दोन. एकाचा बोर्ड नवा कोरा असेल, दुसऱ्याचा सरावाने झिजलेला, आणि कोणीही लबाडी न करता दोघे वेगवेगळ्या परिस्थितीत खेळत असतील.

पंचाची गोष्टही तशीच. कॅमेरा बोर्डावर रोखलेला असला की पाय चौकटीबाहेर राहतात, त्यामुळे बूट रेषेवर चढला का, हे समोरच्याला कळत नाही. तिसरा डार्ट पहिल्या दोघांच्या आड, बोर्डाचे भाग पाडणाऱ्या तारेला चिकटून बसला असेल, तर तो आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, हे समोरून घेतलेल्या चित्रात नेहमीच ठरवता येत नाही. सभागृहात पंच मान वाकवून जवळून पाहतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. घरी बऱ्याच अंशी खेळाडूच्या शब्दावर विसंबावे लागते. व्यावसायिक खेळाडूंनी हा विश्वास सांभाळला असे मी मानतो, पण विश्वास आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यात लयीचीही भर घाला. सभागृहात प्रतिस्पर्धी फेकत असताना तुम्ही त्याच्या मागे उभे असता, तो डार्ट काढून परत फिरतो आणि तुमच्या अंगावरून जातो. तो मुद्दाम संथ खेळला तर चीड येते, सुसाट खेळला तर आपलाही हात नकळत घाईला येतो. पडद्यावरचा प्रतिस्पर्धी असा अंगावर येत नाही. तिथे वेगळाच ताण असतो, तो इंटरनेटच्या जोडणीचा. घरचे इंटरनेट भरवशाचे नाही म्हणून गॅरी अँडरसन सुरुवातीला होम टूरपासून दूरच राहिला होता, पुढे तो सहभागी झाला आणि अंतिम गटापर्यंत पोहोचला. पुढच्याच महिन्यात मॅचप्लेची अंतिम लढत खेळताना त्याला अशी चिंता करावी लागली नाही.

उरलेले फरक किरकोळ आहेत. मागे दिसणारे घरातले कपाट, प्रवेशाच्या संगीताचा अभाव, छोट्या लढती (गटात आधी पाच लेग, म्हणजे 501 चे पाच डाव, जिंकणारा विजयी) यांवर लोक भरभरून बोलतात, पण त्यांनी मूळ प्रश्नाला काही फरक पडत नाही.

होम टूरची गणती क्रमवारीत झाली नाही, आणि याच कारणामुळे तो निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो. मात्र त्यावरून ‘ते काही खरे डार्ट्स नव्हतेच’ असे म्हणणाऱ्यांचाही मला तितकाच त्रास होतो. 17 एप्रिलच्या पहिल्याच रात्री तेव्हाचा विश्वविजेता पीटर राइट आपल्या गटात मागे पडला आणि जेमी लुईसने गट जिंकला. त्या रात्री लुईसने टाकलेला प्रत्येक डार्ट खराच होता. जगभरातले खेळ ठप्प असताना रोज रात्री चार खेळाडूंचा एक गट, अशा 32 रात्री पहिली फेरी चालवणे हे मोठेच काम होते.

म्हणून मांडणी अशी असावी. 5 जूनला नेथन अ‍ॅस्पिनॉलने मिळवलेले विजेतेपद ‘होम टूर, क्रमवारीबाहेरील’ असे पूर्ण नाव देऊन स्वतंत्र ओळीत लिहावे आणि तिथली सरासरी सभागृहातल्या सरासरीत मिसळू नये. व्हॅन डेन बर्गच्या मॅचप्लेपुढे मात्र ‘प्रेक्षकांविना’ अशी तारांकित टीप जोडण्याचे काहीच कारण नाही.