प्राण्यांतील लिंगनिश्चिती

भ्रूण नर म्हणून वाढणार की मादी, हे ज्या यंत्रणेने ठरते तिला लिंगनिश्चिती म्हणतात. वृषण व अंडाशय घडवणारी बरीच जनुके पृष्ठवंशी प्राण्यांत सामाईक असली, तरी त्यांना चालना देणारा पहिला संकेत गटागणिक वेगळा असतो.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ नेटी स्टीव्हन्स यांना १९०५ मध्ये पिठात होणाऱ्या भुंगेऱ्याच्या निम्म्या शुक्राणूंत एक गुणसूत्र ठेंगणे आढळले आणि अशा शुक्राणूंपासून नर जन्मतात, हे त्यांनी ओळखले. हेच वाय गुणसूत्र. मानवी भ्रूणाची जननग्रंथी सुमारे सहाव्या आठवड्यापर्यंत दोन्ही दिशांना वळू शकते. त्यानंतर वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे जनुक थोडा काळ कार्यरत होते, सॉक्स-९ या जनुकाला चेतवते आणि ग्रंथीचे वृषण बनू लागते. एसआरवायचा शोध १९९० मध्ये लागला; पुढच्याच वर्षी दोन एक्स गुणसूत्रे असलेल्या, म्हणजे एरवी मादी होणाऱ्या, उंदराच्या भ्रूणात ते घातल्यावर तो नर म्हणून वाढला. फळमाशीत मात्र वाय गुणसूत्र नर ठरवत नाही, तेथे एक्सची मात्रा निर्णायक असते. पक्ष्यांत तर मांडणीच उलटी: दोन झेड गुणसूत्रांचा नर, झेड आणि डब्ल्यू यांची मादी.

मधमाशीच्या फलन न झालेल्या अंड्यातून नर आणि फलित अंड्यातून मादी निपजते, असे सर्रास सांगितले जाते. ते अपुरे आहे. खरा निकष एका विशिष्ट जनुकाच्या दोन भिन्न प्रती असणे हा असून, फलित अंड्यात दोन्ही प्रती सारख्याच आल्या तर नर अळी तयार होते आणि कामकरी माश्या तिला खाऊन टाकतात.

अनेक सरपटणाऱ्या प्राण्यांत अंडी उबण्याच्या मधल्या काळातील तापमान निर्णय करते. बहुतेक समुद्री कासवांत उबदार वाळूत माद्या व थंड वाळूत नर होतात; मगरींत मात्र मधल्या तापमानाला नर आणि दोन्ही टोकांना माद्या. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभित्तीच्या उत्तर भागात जन्मलेल्या अल्पवयीन हिरव्या कासवांत सुमारे ९९ टक्के माद्या असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

क्लाउनफिश माशांत लिंग प्रौढपणीही बदलते: गटातील मादी मेली की तिचा जोडीदार नर मादी बनतो. जनुकीय आणि पर्यावरणीय असे काटेकोर वर्गीकरणही टिकत नाही. बिअर्डेड ड्रॅगन या ऑस्ट्रेलियन सरड्यात दोन झेड असलेला, म्हणजे एरवी नर होणारा भ्रूण अतिउष्ण तापमानात प्रजननक्षम मादी होतो.