लाल दिव्याचे चौदा सेकंद

भुसावळचे माझे एक स्नेही मे महिन्यात रावेर, बऱ्हाणपूर, धारणी या मार्गाने मेळघाटात तीन दिवसांच्या सफारीला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सागाच्या निष्पर्ण फांदीवर त्यांना रानपिंगळा बसलेला दिसला. जिप्सी थांबली, त्यांनी एका दमात अठ्ठेचाळीस फ्रेम टिपल्या आणि पक्षी उडाला. संध्याकाळी कार्ड लॅपटॉपला लावले तेव्हा त्यातल्या फक्त तेवीस फ्रेम दिसल्या, आणि त्या सगळ्यांत पिंगळ्याची पाठ होती. त्याने मान वळवून कॅमेऱ्याकडे पाहिले त्या क्षणापासूनच्या पंचवीस फ्रेम कार्डावर दिसत नव्हत्या.

घरी परतल्यावर त्यांनी या नुकसानीचे कारण आमच्या छायाचित्रकारांच्या गटाला कळवले: जिप्सीच्या डॅशबोर्डवर मोबाईल धरून ठेवणारे चुंबकी स्टँड होते, कार्डाची डबी त्याच्या शेजारी ठेवली होती, आणि चुंबकाने फोटो पुसले. दोन दिवसांत हा इशारा जळगाव, चोपडा, धुळे, शहादा असा सगळीकडे फिरला. तो चुकीचा आहे, आणि त्यावर विश्वास ठेवणारा माणूस चुंबक दूर ठेवून निर्धास्त होईल व खरी चूक पुन्हा करील, म्हणून हा लेख.

रानपिंगळ्याच्या चेहऱ्याची हळहळ खानदेशात जरा जास्तच वाटते, आणि त्याला कारण आहे. १८८४ नंतर या पक्ष्याची एकही खात्रीची नोंद नव्हती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षिसंग्राहकाने १९१४ साली गोळा केल्याचा दावा केलेला नमुना प्रत्यक्षात चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी-अभ्यासकांना तो शहाद्याजवळ जिवंत आढळला, म्हणजे ११३ वर्षांनी. चिठ्ठी खोटी असू शकते हे ज्या पक्ष्याने जगाला शिकवले, त्याच्या बाबतीत तारीख-वेळेसह जपलेली मूळ फाइल हा पुरावा असतो.

चुंबकाची भीती कॅसेट, फ्लॉपी आणि हार्ड डिस्कच्या काळातली आहे. त्या साधनांत माहिती चुंबकीय कणांच्या दिशेत साठवली जाई, त्यामुळे बाहेरचे तीव्र चुंबक तिला धक्का लावू शकत असे. मेमरी कार्डात चुंबकीय असे काही साठवलेलेच नसते. तिथे असतो एका जागी कोंडलेला विद्युतप्रभार, आणि चुंबकीय क्षेत्र बल लावते ते धावत्या प्रभारावर, थांबलेल्या प्रभारावर नव्हे, हे आपण शाळेत शिकलो आहोत.

हा प्रभार कोंडला कसा जातो, ते मला या सगळ्या विषयातले सर्वांत सुंदर प्रकरण वाटते. १९६७ साली बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झी यांनी ट्रान्झिस्टरच्या आत एक तरंगते द्वार बसवण्याची कल्पना मांडली. तरंगते म्हणजे कोणत्याही तारेला न जोडलेला, चहूबाजूंनी विद्युतरोधक ऑक्साइडने वेढलेला वाहकाचा तुकडा. त्यावर इलेक्ट्रॉन पोहोचले की त्यांना बाहेर पडायला वाट नसते. कार्ड खिशात असो वा कपाटात, बॅटरीशिवाय ते वर्षानुवर्षे तिथेच राहतात. पण वाट नाही तर ते आत गेले कसे? खाली सात-आठ नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतो. तरंगत्या द्वाराच्या वर तारेला जोडलेले दुसरे द्वार असते, त्यावर सुमारे २० व्होल्ट दाब दिला की त्या थरात विद्युतक्षेत्र इतके प्रखर होते की ऊर्जेची भिंत तिरपी होऊन तिचा माथा अगदी अरुंद होतो, आणि पुंजभौतिकीच्या नियमाने काही इलेक्ट्रॉन ती भिंत न ओलांडताच पलीकडे प्रकट होतात. राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी धातूतून इलेक्ट्रॉन असे बाहेर पडण्याचे गणित १९२८ सालीच मांडले होते. कार्डाला कॅमेऱ्याकडून मिळतात सुमारे ३.३ व्होल्ट, तो दाब टप्प्याटप्प्याने चढवणारे छोटे पंपासारखे मंडल (सर्किट) चिपमध्येच असते. आजच्या अनेक चिप्समध्ये तरंगत्या द्वाराऐवजी सिलिकॉन नायट्राइडचा थर प्रभार पकडून ठेवतो आणि पेशींचे, म्हणजे प्रभार कोंडणाऱ्या या खोल्यांचे, मजल्यांवर मजले चढवलेले असतात, पण कोंडण्याचे तत्त्व तेच आहे.

तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही स्मृती मोठ्या गठ्ठ्याने एकदम पुसता येईल अशी रचली. ते पुसणे कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे क्षणात होते, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने तिला 'फ्लॅश' हे नाव सुचवले. गठ्ठ्याने पुसणे ही या स्मृतीची सोय आहे आणि अडचणही आहे. लिहिताना काही किलोबाइटांचे एक पान लिहिता येते. पुसायचा मात्र काही मेगाबाइटांचा अख्खा गठ्ठाच लागतो. वाफ्यातले एकच रोप बदलायचे, पण त्यासाठी सगळा वाफा नांगरावा लागतो, अशी ही शेती आहे. म्हणून कार्डातला कंट्रोलर, म्हणजे कार्डाचा कारभार पाहणारी चिप, हवी ती रोपे आधी दुसऱ्या वाफ्यात हलवतो आणि मग पहिला वाफा रिकामा करतो. हे काम तो आपल्याला न विचारता, कार्डाला वीज मिळत असताना करतो.

लिहिणेही सरळ नसते. बहुतेक कार्डांत आता एका पेशीत तीन बिट साठवतात, म्हणजे प्रभाराच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या अचूक राखाव्या लागतात. एकाच रांजणावर आठ खुणा करून पाणी नेमके पाचव्या खुणेपर्यंत भरायचे असेल, तर आपण तांब्याने थोडे ओततो, वाकून पाहतो, पुन्हा थोडे ओततो. चिपही तसेच करते: एक स्पंद, मग तपासणी, मग किंचित अधिक दाबाचा स्पंद, पुन्हा तपासणी. वाचताना मात्र खूण पाहिली की काम झाले. म्हणून कार्डाचा वाचण्याचा वेग जास्त आणि लिहिण्याचा कमी असतो, आणि वेष्टनावर ठळक छापलेला १७० किंवा २०० चा आकडा वाचण्याचा असतो. सफारीला निघणाऱ्याने पाहायचे ते व्ही अक्षरापुढचे बारीक अंक: व्ही ३० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० मेगाबाइटांची हमी, व्ही ६० म्हणजे ६०, व्ही ९० म्हणजे ९०.

आता त्या अठ्ठेचाळीस फ्रेमकडे येऊ. स्नेह्यांचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. प्रत्येक पिक्सेलचे १४ बिट धरले तर एक रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फ्रेम ४२ मेगाबाइटांची होते. माहिती न गमावता दाबल्यावर ती साधारण २८ उरते. सेकंदाला दहा फ्रेम म्हणजे २८० मेगाबाइट आत येतात, आणि त्यांचे कार्ड प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ७० लिहिते. उरलेले २१० कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत साचतात. विहिरीचा पंप हौदात पाणी ओततो आहे आणि हौदातून बाहेर जाते आहे फक्त ठिबकची नळी, अशी ही अवस्था. हौद एक गिगाबाइटचा धरला तर तो पाच सेकंदांच्या आत भरतो, बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंची मालिका, अडखळतो, आणि बोट उचलल्यावर तो रिकामा व्हायला १००० भागिले ७०, म्हणजे चौदा सेकंद लागतात. त्या चौदा सेकंदांत कॅमेऱ्यावरचा कार्डाचा छोटा लाल दिवा लुकलुकत असतो.

मी त्यांना विचारले, पक्षी उडाल्यावर तुम्ही काय केलेत? उरलेल्या फ्रेमचा आकडा अगदी खाली आला होता, पक्षी पुन्हा बसेल या आशेने त्यांनी घाईने कार्ड बदलले. झाकण उघडताना दिवा लुकलुकत होता का? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, होता.

बफर ज्या स्मृतीचा असतो तिच्या पेशी इतक्या गळक्या असतात की दर ६४ मिलिसेकंदांच्या आत त्यांना पुन्हा भरावे लागते. त्यातल्या फ्रेमना कार्ड हेच एकमेव घर होते आणि ते घरच काढून नेले गेले. त्या फ्रेम कोणत्याही सॉफ्टवेअरला, कितीही पैसे मोजले तरी परत आणता येत नाहीत.

मूळ दोष मात्र घरून निघतानाच्या हिशेबात होता. सकाळ-संध्याकाळ मिळून तीन दिवसांत सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत उत्साही माणसाच्या सातशे फ्रेम, प्रत्येकी २८ मेगाबाइट: एका फेरीला जवळजवळ २० गिगाबाइट आणि सहांना ११८. यात ४के व्हिडिओची भर घाला. सेकंदाला १०० मेगाबिटचा व्हिडिओ मिनिटाला ७५० मेगाबाइट खातो, म्हणजे अर्ध्या तासाला साडेबावीस गिगाबाइट होतात. एकूण १४० आणि वर थोडा हात सैल ठेवून १८०. स्नेह्यांकडे एक ६४ चे कार्ड होते आणि एक जुने ३२ चे. ६४ च्या कार्डात अशा जवळपास २२८० फ्रेम मावतात, म्हणजे ते तिसऱ्या फेरीच्या शेवटी भरणारच होते, आणि पिंगळा भेटला तो तिसऱ्या फेरीच्या शेवटी. (६४ चे कार्ड लॅपटॉपवर ५९.६ दिसते म्हणून फसवणूक समजू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या.)

माझे मत असे की २५६ च्या एका कार्डापेक्षा ६४ ची चार बरी, आणि कॅमेऱ्याला दोन स्लॉट असतील तर दोन्हींत एकाच वेळी लिहावे, म्हणजे कार्डे दुप्पट लागली तरी चालतील. कार्ड फेरी सुरू होण्यापूर्वी विश्रामगृहात बदलावे, भर रस्त्यात नव्हे. आणि जिप्सीत बसून फोटो उडवत जागा करण्याची सवय सोडावी. फोटो उडवला म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव खोडले जाते, शेतात पीक उभेच असते. पण पुढची फ्रेम त्याच शेतात नांगर घालू शकते, आणि घाईत शेजारचा गट खोडला गेला तर तेही पीक जाते. मुक्कामी रोज संध्याकाळी दोन वेगवेगळ्या एसएसडींवर, म्हणजे फ्लॅश स्मृतीच्याच मोठ्या साठवणींवर, प्रती काढाव्यात, फाइलींची संख्या जुळवून पाहावी, चार-पाच उघडून पाहाव्यात, आणि त्या दोन एसएसडी दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. सेमाडोह-कोलकासच्या जंगलात नेटवर्कच्या भरवशावर क्लाऊडचा विचार करणे व्यर्थ आहे.

नवे कार्ड घेतल्यावर ते घरी एकदा काठोकाठ भरून परत वाचून पाहावे. बाजारात असे बनावट नग असतात की त्यांचा कंट्रोलर २५६ सांगतो आणि आत ३२ च असतात. ती मर्यादा ओलांडली की नवे फोटो जुन्यांवर लिहिले जातात आणि फोल्डरमध्ये नावे मात्र सगळी दिसत राहतात. अशा काळात कित्येक छायाचित्रकार एखादे जुने कार्ड 'पायगुणाचे' म्हणून जपतात, कारण त्या कार्डावर पूर्वी कधी वाघ मिळाला होता. कार्डाला पायगुण नसतो. वाघ पाणवठ्यावर आला तो तहान लागली म्हणून. स्नेह्यांचे ३२ चे कार्ड असेच पायगुणाचे होते, आणि त्यापायी नवे कार्ड घेण्याचे राहून गेले.

उन्हाबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अनेक कार्डे ८५ अंशांपर्यंत चालतील अशी बनवलेली असतात, तेव्हा डॅशबोर्डवरच्या एका दुपारीने फोटो उडत नाहीत. पण उष्णतेने कोंडलेला प्रभार गळण्याचा वेग वाढतो, आणि पुष्कळदा पुसून-लिहून झिजलेल्या ऑक्साइडमधून तो आणखी सहज निसटतो. घरगुती वापराच्या एसएसडीचा मापदंड आयुष्य संपत आलेल्या, वीज न मिळणाऱ्या एसएसडीकडून ३० अंशांना एक वर्ष माहिती टिकण्याचीच अपेक्षा करतो. म्हणून कपाटात पडलेले कार्ड किंवा एसएसडी हे जतन समजू नये. वर्षातून एकदा तरी जोडून तपासावे आणि एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवावी. ती डिस्क मात्र तीव्र चुंबकापासून दूर ठेवली तर हरकत नाही.

स्नेह्यांनी एक गोष्ट चांगली केली होती: त्या कार्डावर नंतर एकही फोटो काढला नव्हता. त्यामुळे आम्ही ते लिहिण्यास कुलूप लावून, म्हणजे कडेची खिटी सरकवून, फाइलींच्या सुरुवातीच्या ठराविक खुणा शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने सगळे शेत चालून काढले. सातबाऱ्यावर नाव न चढलेल्या दोन फ्रेम सापडल्या. फाइलीचे नाव गेले होते, पण तारीख आणि वेळ फाइलीच्या आतच लिहिलेली असल्यामुळे सेकंदापर्यंत शाबूत होती. पहिलीत पिंगळ्याची मान अर्धी वळली आहे. दुसरीत तो थेट समोर पाहतो आहे, दोन पिवळे डोळे, त्यांवरच्या पांढऱ्या भुवया, चोच स्पष्ट आहे, आणि चोचीच्या खाली पक्षीही नाही, फांदीही नाही. तिथून तळापर्यंत सपाट करडा पट्टा आहे. कार्ड बाहेर निघाले ते तिथे.