कॉटन हस्तलिखित संग्रह

इंग्लंडमधील पुराणवस्तूंचे अभ्यासक आणि संसदसदस्य सर रॉबर्ट ब्रूस कॉटन (१५७१–१६३१) यांनी जमवलेला हस्तलिखिते, सनदा आणि मुद्रा यांचा संग्रह. सध्या तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असून त्यात १,४००हून अधिक हस्तलिखिते आहेत. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी वीरकाव्याचे जगातील एकमेव हस्तलिखित, आठव्या शतकाच्या सुमारास चितारलेली लिंडिसफार्न शुभवर्तमाने (बायबलमधील ख्रिस्तचरित्रे), ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या मध्ययुगीन काव्याची एकमेव प्रत आणि राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या १२१५च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या उरलेल्या चार प्रतींपैकी दोन, एवढे सगळे एका माणसाच्या घरात गोळा झाले होते. १७३१च्या आगीत या संग्रहाची मोठी हानी झाली. त्या आगीतून काय वाचले आणि ते कशामुळे वाचले, याचा इतिहास संग्रहाच्या मोठेपणाइतकाच महत्त्वाचा आहे.

आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात इंग्लंडमधील मठ बरखास्त केले, तेव्हा मठांच्या जमिनी आणि सोनेचांदी राजाकडे गेली. ग्रंथांना मात्र वाली उरला नाही. जॉन बेल या समकालीन लेखकाने १५४९मध्ये जे लिहून ठेवले आहे ते वाचून आजही वाईट वाटते. मठातल्या पोथ्यांची पाने कोणी मेणबत्त्यांची घरे घासायला वापरली, कोणी बूट पुसायला, तर काही ग्रंथ वाण्यांना आणि साबण विकणाऱ्यांना विकले गेले. चर्मपत्र चिवट असल्यामुळे पुस्तकांच्या बांधणीत अस्तर म्हणूनही ते खपले. या पडझडीतून जे सुटले ते खासगी माणसांच्या हाती आले. कँटरबरीचे आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांनी जमवलेले ग्रंथ केंब्रिजच्या कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजला मिळाले. कॉटन पुढच्या पिढीचे. वेस्टमिन्स्टर शाळेत इतिहासकार विल्यम कॅमडन त्यांचे गुरू होते आणि जुन्या कागदपत्रांचा नाद त्यांना तिथेच लागला. ‘बेओवुल्फ’ची पोथी त्यांच्याकडे येण्यापूर्वी लॉरेन्स नोवेल या अभ्यासकाकडे होती. तिच्या पहिल्या पानावर त्याने स्वतःचे नाव आणि १५६३ हे वर्ष लिहिलेले आहे.

कॉटन यांचे ग्रंथालय १६२२पासून वेस्टमिन्स्टरमध्ये, संसदेला लागून असलेल्या त्यांच्या घरात होते. लांबट, अरुंद खोली, तिच्यात कपाटे आणि प्रत्येक कपाटावर एक अर्धपुतळा. ज्यूलियस सीझरपासून डोमिशियनपर्यंत बारा रोमन सत्ताधीश, शिवाय क्लिओपात्रा आणि फॉस्टिना या दोघी. पोथीचा पत्ता त्या पुतळ्यावरून ठरे. ‘नीरो डी ४’ म्हणजे नीरोच्या पुतळ्याखालचे कपाट, वरून चौथा खण, त्यातला चौथा ग्रंथ. ही लिंडिसफार्नची पोथी. ‘बेओवुल्फ’चा पत्ता ‘विटेलियस ए १५’, तर ‘सर गवेन’चा ‘नीरो ए १०’. ती कपाटे आणि पुतळे कधीच गेले, पण ब्रिटिश लायब्ररीत आजही याच क्रमांकाने पोथी मागवावी लागते.

कॉटन उदार होते. फ्रान्सिस बेकन, बेन जॉन्सन, जॉन सेल्डन अशा अनेकांना त्यांनी पोथ्या घरी न्यायला दिल्या. त्याची किंमतही संग्रहाने मोजली. नवव्या शतकातील रेखाचित्रांनी भरलेली ‘युट्रेख्ट साल्टर’ ही स्तोत्रसंहिता उसनी गेली ती परत आलीच नाही. आज ती नेदरलँड्समधील युट्रेख्टच्या विद्यापीठात आहे. वेगवेगळ्या पोथ्या एकत्र बांधण्याची कॉटन यांची सवयही अभ्यासकांना खटकते. ‘बेओवुल्फ’ची पोथी सुमारे इ. स. १०००ची आहे, ती बाराव्या शतकातल्या एका असंबद्ध पोथीसोबत एकाच बांधणीत बसवलेली आहे. तरीही दोष आणि उपकार एकत्र तोलले तर उपकारांचे पारडे फार खाली जाते.

जुन्या सनदा म्हणजे राजाविरुद्धचे पुरावे असू शकतात, हे पहिल्या चार्ल्सला नीट ठाऊक होते. संसदेतले राजविरोधक या ग्रंथालयात येऊन पूर्वीचे दाखले शोधत. १६२९मध्ये संसदेला लगाम घालण्याचे उपाय सुचवणारी एक जुनी पुस्तिका कॉटन यांच्या संग्रहातून बाहेर पडून हातोहात फिरू लागली. या कारणावरून राजाने ग्रंथालयाला सील ठोकले. दीड वर्षाने, मे १६३१मध्ये, स्वतःच्या पुस्तकांना हात लावण्याची परवानगी न मिळताच कॉटन वारले. ग्रंथांपासून केलेली ताटातूटच त्यांना भोवली, असे त्यांच्या मित्रांनी लिहून ठेवले आहे. मॅग्ना कार्टाच्या दोन्ही प्रती त्यांच्याकडे याच शेवटच्या काळात आल्या. एक १६२९च्या पहिल्या दिवशी भेट मिळाली, तर दुसरी १६३०मध्ये सर एडवर्ड डेरिंग यांनी डोव्हरच्या किल्ल्यातून पाठवली.

पुढे ग्रंथालय मुलाकडे आणि नंतर नातू सर जॉन यांच्याकडे आले. सर जॉन यांनी ते राष्ट्राला दिले आणि १७००च्या संसदीय कायद्याने संग्रह विकू नये, फोडू नये, तो कॉटन घराण्याच्या नावानेच राहावा, असे ठरले. ब्रिटनमध्ये राष्ट्राच्या मालकीचे झालेले हे पहिले मोठे ग्रंथालय. कायदा झाला, पण जागेची सोय झाली नाही. जुने घर मोडकळीस आले म्हणून १७२२मध्ये ग्रंथ एसेक्स हाउसमध्ये हलवले. तिथे आगीचा धोका आहे म्हणून १७३०मध्ये वेस्टमिन्स्टरच्या ॲशबर्नहॅम हाउसमध्ये नेले. राजाचे ग्रंथालयही तिथेच होते.

२३ ऑक्टोबर १७३१. पहाटे दोनच्या सुमारास ग्रंथालयाच्या बरोबर खालच्या खोलीत धुराड्याजवळचे लाकूड पेटले. सुरुवातीला अख्खी कपाटेच बाहेर काढण्याचा प्रयत्न झाला, पण आग कपाटांच्या पाठीमागून आत शिरली होती. मग कपाटे फोडून पोथ्या खिडक्यांतून बाहेर फेकाव्या लागल्या. राजग्रंथपाल रिचर्ड बेंटली झोपेचा झगा आणि डोक्यावर केसांचा टोप अशा अवस्थेत, पाचव्या शतकातील ग्रीक बायबल ‘कोडेक्स ॲलेक्झँड्रिनस’ काखेत धरून बाहेर पडताना शाळेच्या मुख्याध्यापकांना दिसले. संसदेचे सभापती आर्थर ऑन्स्लो मदतीला धावले. ओथो आणि विटेलियस या कपाटांना सर्वाधिक झळ बसली. पुढच्या वर्षीच्या अहवालात ९५८ हस्तलिखितांपैकी ११४ गहाळ, जळालेली किंवा पूर्ण निकामी, तर ९८ सदोष अशी नोंद आहे.

चर्मपत्र कागदासारखे भुर्रकन जळत नाही. ते कातडे आहे. आचेने आकसते, कडा आत वळतात, आतले सरसासारखे द्रव्य पाझरून पाने एकमेकांना चिकटतात. वर आग विझवण्याचे पाणी पडले की ओल आणि बुरशी. ‘कॉटन जेनेसिस’ या अतिप्राचीन सचित्र ग्रीक पोथीचे असेच काळवंडलेले, मूळ आकारापेक्षा कितीतरी लहान झालेले तुकडे उरले. अशा चिकटून गोळ्यासारख्या झालेल्या पोथ्या १७५३मध्ये नव्या ब्रिटिश म्युझियमला मिळाल्या आणि त्यातल्या पुष्कळ माळ्यावर पडून राहिल्या. १८३७पासून हस्तलिखित विभागाची सूत्रे सांभाळणाऱ्या सर फ्रेडरिक मॅडन यांनी त्या माळ्यावरून खाली आणल्या. हेन्री गॉफ या बांधणीकाराने पाने ओलसर करून, जिथे ताण होता तिथे कडेला बारीक चिरा देऊन ती सपाट केली आणि प्रत्येक पान कागदी चौकटीत बसवले. ‘बेओवुल्फ’ची पाने १८४५मध्ये अशी चौकटीत आली. त्यामुळे पडझड थांबली, पण चौकटीच्या काठाखाली शेकडो अक्षरे झाकली गेली. तरीही मॅडन आणि गॉफ यांच्या कामाला तोड नाही. ज्यांना १७३२च्या अहवालाने मृत ठरवले होते, त्यातल्या कितीतरी पोथ्या त्यांच्यामुळे पुन्हा वाचता येऊ लागल्या.

उलट उदाहरण डेरिंगच्या मॅग्ना कार्टाचे. चारही प्रतींपैकी राजमुद्रा टिकून राहिलेली ही एकच. आगीत मुद्रेचे मेण वितळून आकारहीन झाले, तरी मजकूर वाचता येत होता. १८३०च्या दशकात कोणीतरी ती दुरुस्त करायला घेतली आणि त्या प्रयत्नात शाई जवळजवळ पुसली गेली. २०१४मध्ये वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन तिच्यावरची अक्षरे पुन्हा उमटवण्यात आली. पण आगीनंतर दोनच वर्षांनी, १७३३मध्ये, जॉन पाइन या खोदकामकाराने या प्रतीची तांब्याच्या पत्र्यावर हुबेहूब प्रतिकृती कोरून छापली होती. मूळ सनद मुकी झाली तेव्हाही पाइनचे ते चित्रमुद्रण बोलत राहिले.

अशा नकलांमुळेच जळालेल्या पोथ्यांतला मजकूर आज हाती आहे. इ. स. ९९१मध्ये डेन लोकांविरुद्ध झालेल्या लढाईवरचे ‘बॅटल ऑफ मॉल्डन’ हे काव्य ‘ओथो ए १२’ या पोथीत होते. पोथी जळाली. सुदैवाने ग्रंथालयाचे उपरक्षक डेव्हिड कॅस्ली यांची मानली जाणारी एक नक्कल आगीपूर्वी झालेली होती आणि थॉमस हर्न यांनी १७२६मध्ये तिच्यावरून काव्य छापलेही होते. त्यामुळे ३२५ ओळी हाती राहिल्या. याच पोथीत राजा आल्फ्रेडचे ॲसरने लिहिलेले लॅटिन चरित्रही होते. आज ते केवळ आगीपूर्वीच्या नकला आणि मुद्रित आवृत्त्यांच्या आधारे वाचता येते. हम्फ्री वॉनली यांनी १७०५मध्ये छापलेल्या सूचीत पोथ्यांच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या ओळी उतरवून घेतल्या होत्या. ‘बेओवुल्फ’चा विषय त्यांनी चुकीचा सांगितला, डेन वीराने स्वीडनच्या राजांशी केलेल्या लढाया म्हणून, पण कित्येक जळालेल्या पोथ्यांबद्दल आपल्याला आज जे माहीत आहे ते या सूचीमुळेच.

‘बेओवुल्फ’च्या ३,१८२ ओळींची कहाणी आणखी वेगळी. ही पोथी जळाली नाही, फक्त भाजली, आणि नंतरची शंभर वर्षे तिच्या कडा हात लावताच झडत राहिल्या. आइसलँडमध्ये जन्मलेले, डेन्मार्कच्या सेवेतले विद्वान ग्रीमुर थॉर्केलिन १७८६मध्ये लंडनला आले. त्यांनी एका नकलनवीसाकडून एक प्रत करवून घेतली आणि दुसरी स्वतःच्या हाताने केली. १८०७मध्ये इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या तेव्हा थॉर्केलिन यांचे घर जळाले आणि वीस वर्षांचे संपादनाचे काम त्यात गेले. दोन्ही नकला मात्र वाचल्या. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून १८१५मध्ये काव्याची पहिली आवृत्ती काढली. मूळ पोथीतून झडून गेलेली सुमारे २,००० अक्षरे आज या दोन नकलांच्या जोरावरच वाचली जातात.

छापील ग्रंथ अनेक प्रतींत निघतात म्हणून ते सुरक्षित, असे सहज वाटते. पण ‘हॅम्लेट’च्या १६०३च्या पहिल्या छापील आवृत्तीच्या जगात दोनच प्रती आहेत. ब्रिटिश लायब्ररीतल्या प्रतीला शीर्षकपृष्ठ नाही आणि कॅलिफोर्नियाच्या हंटिंग्टन लायब्ररीतल्या प्रतीला शेवटचे पान नाही. दोन्ही मिळून एक पूर्ण पुस्तक होते. कॉटन हयात असतानाच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६मध्ये छापले गेले, त्यानंतर सतराव्या शतकात आणखी दोनदा. यातल्या कोणत्याही आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मराठी वाचकाला हे पुराण मिळाले ते हाताने केलेल्या नकलांमुळे, आणि त्यातली एक महत्त्वाची देवनागरी प्रत लंडनमध्येच आहे.

१९७३मध्ये ब्रिटिश लायब्ररी म्युझियमपासून वेगळी झाली आणि कॉटन संग्रह तिच्याकडे गेला. १९९०च्या दशकात केव्हिन किरनन यांनी ‘बेओवुल्फ’च्या पानांमागून बारीक प्रकाशतंतू धरून गॉफच्या चौकटीखाली दडलेली अक्षरे छायाचित्रांत पकडली. पुढे संग्रहातली अनेक हस्तलिखिते जगात कुठूनही पाहता येतील अशी झाली. ऑक्टोबर २०२३मध्ये लायब्ररीच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. पोथ्यांना धक्का लागला नाही, पण त्यांच्या डिजिटल प्रती दीर्घकाळ दिसेनाशा झाल्या. किरनन यांची ‘बेओवुल्फ’ची आवृत्ती तेवढी वेगळ्या ठिकाणी, अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या संगणकावर होती.