थार, जिम्नी, जिप्सीची मागची सीट बदलायची आहे? आरटीओची परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

तीन दारांची थार असो, जिम्नी असो की घरात जपून ठेवलेली जुनी जिप्सी, मागे बसणाऱ्याची तक्रार ठरलेली. पाय आखडतात, पाठ उभीच राहते आणि सामान ठेवायचे तर सीट दुमडावी लागते. मग कोणाला समोरासमोर बाके हवी असतात, कोणाला सीट काढून झोपण्यापुरती फळी टाकायची असते, तर कोणाला चारच्या जागी सहा माणसे न्यायची असतात. गॅरेजवाला दोन दिवसांत काम करून देतो. पण ते काम आरसीत, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात, बसते का, हे सांगणे त्याची जबाबदारी नसते. ती गाडीमालकाची असते. म्हणून पत्र्याला ड्रिल लागण्याआधी हे वाचा.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ या सगळ्याच्या मुळाशी आहे. कंपनीने मुळात जी वैशिष्ट्ये नमूद केली, त्यांच्याशी आरसीवरचा तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाने करू नये, असे ते सांगते. गाडीच्या रचनेत असा फेरफार की ज्याने तिचे मूळ स्वरूप बदलते, त्याला कायद्यात ‘बदल’ म्हटले आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे मांडला.

आता आरसी काढा. तिच्यावर आसनक्षमता छापलेली असते, चालक धरून. मागे समोर तोंडाच्या सीट असलेल्या तीन दारांच्या थारवर आणि जिम्नीवर ती ४ असते. बॉडीचा प्रकारही लिहिलेला असतो. तुमच्या मनातल्या कामामुळे यातले काही खोटे ठरणार असेल, तर तो कायद्याच्या अर्थाने बदल आहे.

परवानगी नसलेल्या बदलाबद्दल कलम १८२अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. बाके बसवली आणि मागचा पत्राही कापला, तर ते दोन बदल धरले जाऊ शकतात.

कशाला अर्ज लागत नाही, कशाला लागतो, आणि कशाचा नाद सोडावा

सीट कव्हर, चांगला फोम, कमरेला आधार देणारी उशी, मॅट, हेडरेस्टला अडकवायच्या पिशव्या यांसाठी कोणाला विचारायला नको. एवढेच बघा की ज्या सीटच्या कडेत एअरबॅग आहे, तिथे कव्हरची शिवण ती बाजू झाकून टाकत नाही ना. जिम्नीच्या पुढच्या सीटमध्ये अशी एअरबॅग आहे, आणि मागच्या सीटबरोबर पुढचीही कव्हरे हौसेने बदलली जातात, म्हणून सांगतो. कंपनीनेच दिलेली घडीची सीट दुमडून सामान भरणे हाही बदल नव्हे.

सीटची संख्या, दिशा आणि बोल्टच्या मूळ जागा तशाच ठेवून फक्त सीट बदलायची असेल, म्हणजे फाटकी काढून त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची बसवायची असेल, तर आरसीतले काही हलत नाही. बिल जपून ठेवा, पुरे.

आरटीओला लेखी विचारल्याशिवाय हात लावू नयेत अशी कामे म्हणजे मागची सीट कायमची काढणे, एका बाकाच्या जागी दोन सुट्या सीट बसवणे, सीट पुढे-मागे सरकवण्यासाठी नव्या रेल टाकणे. यातल्या काहींना नकार मिळेल, काहींची नोंद होईल. निरीक्षकाच्या निर्णयावर बरेच अवलंबून असते, म्हणूनच आधी विचारायचे.

आणि चाराच्या सहा सीट, किंवा समोर तोंड असलेली सीट काढून आडवी, एकमेकांकडे तोंड असलेली बाके? माझे स्पष्ट मत आहे की या वाटेला जाऊ नका. आसनक्षमता वाढवणे हा थेट आरसीशी विसंगत बदल आहे, आणि त्याहून मोठे कारण मागे बसणाऱ्याच्या जिवाचे आहे. सीटबेल्ट जिथे अडकतो त्या जागेची ताकद आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १४ क्रमांकाच्या वाहन नियमात तीन बिंदूंच्या बेल्टच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्याला प्रत्येकी १३.५ किलोन्यूटन, म्हणजे तेराशे किलोहून जास्त वजनाइतकी ओढ देऊन चाचणी होते. गॅरेजमध्ये तळाच्या पत्र्याला चार बोल्ट मारून बसवलेल्या बाकाची अशी चाचणी कोणीच केलेली नसते. आडव्या बाकावर बसलेला माणूस समोरच्या धडकेत छातीच्या दिशेने नाही, कुशीवर फेकला जातो. मान आणि बरगड्या तो धक्का घेतात. सीट चार बोटे उंच केली तरी डोके छताच्या किंवा रोल बारच्या (गाडी उलटली तर आधार देणाऱ्या नळीच्या) जवळ जाते आणि खांद्यावरच्या बेल्टचा कोन बिघडतो. २०२० मध्ये नव्या थारला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत चार तारे मिळाले, ते मागे समोर तोंडाच्या सीट असलेल्या गाडीला. तेच तारे आडव्या बाकांना लावून आपल्या मुलांना त्यावर बसवू नका.

ताडोब्यात सफारीच्या जिप्सीत मागे उंच बाके असतात, हे उदाहरण हमखास दिले जाते. ती गाडी जंगलाच्या वाटेवर, ठरलेल्या संथ वेगात, ठरलेल्या कामासाठी फिरते. तुमची खासगी गाडी महामार्गावर शंभरच्या वेगाने जाते. एकीचा दाखला दुसरीला चालत नाही.

अर्ज कोण करू शकतो

आरसीवर ज्याचे नाव आहे तोच. गाडी वडिलांच्या नावावर आणि वापरणारा मुलगा असेल, तर अर्ज आणि सही वडिलांची. गाडी नुकतीच जुन्या बाजारातून घेतली असेल तर आधी नाव लावून घ्या. कर्ज चालू असेल, म्हणजे आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेची लेखी संमती आधी हवी. गाडीवर ई-चलन थकलेले असेल तर तेही भरून मोकळे व्हा. पिवळ्या पाटीच्या गाडीला परमिट आणि फिटनेस प्रमाणपत्रही जोडलेले असते, त्यामुळे तिथे सीटचा प्रश्न परमिटच्या अटींपर्यंत जातो.

कागदपत्रे

मूळ आरसी, चालू विमा पॉलिसी, चालू पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड किंवा त्याऐवजीचा फॉर्म ६०, चेसिस आणि इंजिन क्रमांकाचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा, आणि बोजा असल्यास बँकेची एनओसी. यांच्यासोबत प्रस्तावित बदलाचे लेखी वर्णन द्यायचे असते, आणि सगळा अर्ज त्याच कागदावर उभा असतो. ‘मागील सीटमध्ये बदल’ असे मोघम लिहून भागत नाही. आता किती सीट आहेत, नंतर किती राहतील, तोंड कोणत्या दिशेला, बोल्ट मूळ छिद्रांतच बसणार का, बेल्ट कोणता आणि तो कुठे अडकणार, सीट कोणी बनवली, हे सगळे लिहा. मोजमापांसह साधे हाताने काढलेले चित्र आणि सध्याच्या सीटचे चार फोटो जोडा. सीटच्या उत्पादकाकडे मान्यताप्राप्त संस्थेचे चाचणी प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत सर्वांत वर ठेवा. पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी, मानेसरची आयकॅट या अशा चाचण्या करणाऱ्या संस्था आहेत. एकट्या गाडीसाठी स्वतः चाचणी करून घेणे मात्र व्यवहारात परवडत नाही. सीटची ताकद मोजायची म्हणजे ती मोडेपर्यंत ओढावी लागू शकते.

अर्जाचा क्रम

काम सुरू करण्याआधी हे वर्णनपत्र घेऊन ज्या आरटीओच्या हद्दीत राहता तिथे अर्ज द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. तोंडी ‘चालतंय, करा’ याला पुढे काही किंमत नसते. परवानगीचे उत्तर लेखी आले की मगच गॅरेजला गाडी लावा.

काम झाले की परिवहनच्या संकेतस्थळावर वाहनविषयक सेवांमध्ये राज्य निवडून गाडीचा क्रमांक आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच अंक टाकायचे. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो क्रमांक जुना किंवा बंद झालेला असेल तर आधी नवा मोबाइल क्रमांक नोंदवून घ्या, नाहीतर इथेच अडकाल. पुढे वाहनातील बदलाची सेवा निवडायची, शुल्क भरायचे, तयार झालेला अर्ज आणि पावती छापून घ्यायची आणि ठरल्या दिवशी गाडी तपासणीला न्यायची. मोटार वाहन निरीक्षक गाडी प्रत्यक्ष पाहतो आणि मंजूर वर्णनाशी ताडतो. कागदावर एक आणि गाडीत एक असेल, तर बेल्टचा बोल्ट दोन इंच सरकलेलाही प्रश्न बनतो.

कलम ५२ मध्ये १४ दिवसांची मुदतही आहे: पूर्वपरवानगीशिवाय झालेला बदल १४ दिवसांच्या आत कळवून, आरसी सादर करून नोंदवायचा. ‘आधी करू, मग कळवू’ असा तिचा अर्थ काढला जातो, तो चुकीचा आहे. मुळात न चालणारा बदल वेळेत कळवल्याने चालणारा होत नाही.

दिव्यांग व्यक्तीसाठी बदल

इथे मात्र कायदा मालकाच्या बाजूने उभा आहे, आणि ही गोष्ट जितक्या घरांपर्यंत पोचायला हवी तितकी पोचलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी गाडीत अनुकूल बदल करून त्यानंतर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता घेता येते. व्हीलचेअर आत यावी म्हणून मागच्या सीटचा भाग काढायचा, चढउतारासाठी सोय करायची, असे काम यात मोडते. गाडी त्या व्यक्तीसाठीच वापरली जावी आणि ठरवून दिलेल्या अटी पाळल्या जाव्यात, ही मर्यादा आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अर्जाला जोडा.

जुनी जिप्सी असेल तर

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि फॉर्म २५ भरून पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. हा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. आधीच्या मालकाने कधीकाळी बदललेली बाके याच तपासणीत समोर येतात. म्हणून गाडी पासिंगला नेण्याच्या दोन-तीन महिने आधी आरसीवरचा आकडा आणि गाडीतल्या सीट मोजून बघा. जुळत नसतील तर मूळ सीट शोधायला तेवढा वेळ लागतोच.

नोंद झाल्यावर

नवी आरसी हातात आली की तिथेच उभे राहून आसनक्षमता आणि बॉडीचा प्रकार वाचा; टंकनाची चूक नंतर दुरुस्त करायला पुन्हा अर्ज लागतो. मग परवानगीची प्रत, सीटचे बिल आणि नव्या आरसीची प्रत विमा कंपनीला ईमेलने पाठवून पॉलिसीत बदल नोंदवून घ्या. प्रवाशांचे अपघात कवच घेतले असेल तर ते आरसीवरच्या आसनक्षमतेवर मोजले जाते. विमा कंपनीचे उत्तर येईपर्यंत त्या सीटवर कोणाला बसवून लांबचा प्रवास करू नका.