आकडा कुठल्या दिवशीचा?

वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या फाइलमधला सर्वाधिक धास्ती देणारा कागद बहुधा एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) चाचणीचा असतो. हे संप्रेरक अंडाशयातील लहान, नुकत्याच वाढू लागलेल्या बीजपुटिकांमधून स्रवते. त्यामुळे बीजांचा साठा साधारण किती उरला आहे आणि उत्तेजक इंजेक्शने दिल्यावर किती बीजे हाती लागतील, याचा चांगला अंदाज त्यावरून बांधता येतो. ती बीजे कशी आहेत, हे मात्र कळत नाही. बीजाची प्रत मुख्यतः स्त्रीच्या वयावर ठरते, कारण वय वाढते तशी गुणसूत्रांची संख्या चुकलेली बीजे वाढत जातात. वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वयोगटातील ७५० स्त्रियांचा एक अभ्यास अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झाला. वयाचा परिणाम हिशेबात धरल्यावर, एएमएच कमी असलेल्या स्त्रियांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता त्यात कमी आढळली नाही. आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर बीज फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचारात, कमी एएमएचचा तोटा होतो तो बीजे कमी, म्हणून भ्रूणे कमी, आणि म्हणून निवडीला वाव कमी, अशा वाटेने. म्हणूनच अठ्ठाविशीतल्या स्त्रीने या आकड्याने खचून जाणे जितके चुकीचे, तितकेच बेचाळिशीतल्या स्त्रीने चांगल्या आकड्यावर विसंबून वर्षभर थांबणेही चुकीचे, असे मला वाटते.

प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण त्याची एकच पातळी एका दिवशी अपायकारक तर काही दिवसांनी अपुरी ठरू शकते. नैसर्गिक पाळीचक्रात बीज बाहेर पडेपर्यंत ते अत्यल्प असते. नंतर ते झपाट्याने वाढते आणि गर्भाशयाचे अस्तर भ्रूण रुजण्याजोगे करते. अस्तराची ही तयारी मोजके दिवसच टिकते. आयव्हीएफमध्ये एकाच वेळी अनेक पुटिका वाढवल्या जातात आणि प्रत्येक पुटिका थोडे थोडे प्रोजेस्टेरॉन सोडत असल्याने ट्रिगर इंजेक्शनच्या (बीजे काढण्याआधी ती पक्व करणाऱ्या इंजेक्शनच्या) दिवशीच ते कधी कधी मिलिलिटरमागे सुमारे १.५ नॅनोग्रॅमच्या वर जाते. अशा वेळी अस्तर भ्रूणाच्या पुढे निघून जाते आणि त्याच चक्रात केलेल्या भ्रूण-प्रत्यारोपणाला यश येण्याचे प्रमाण घटते. यावरचा उपाय म्हणजे सर्व भ्रूणे गोठवून ठेवणे आणि पुढच्या एखाद्या चक्रात सोडणे.

ही अडचण आयव्हीएफइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ एडवर्ड्स आणि डॉक्टर स्टेप्टो यांनी औषधांनी उत्तेजित केलेल्या चक्रांत अनेक अपयशे पाहिल्यावर नैसर्गिक चक्राकडे मोर्चा वळवला, लघवीतील एलएच (बीज बाहेर पडण्याआधी उसळणारे संप्रेरक) वारंवार मोजून एकुलते बीज नेमक्या वेळी काढले, आणि जुलै १९७८ मध्ये जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन हिचा जन्म झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी अगदी वेगळी वाट दाखवली: उत्तेजनाने बीजे मिळवायची, भ्रूण गोठवायचे आणि नंतरच्या चक्रात ते गर्भाशयात सोडायचे. या वाटेने बाळ जन्मल्याचा त्यांचा दावा सरकारी समितीने फेटाळला आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून १९८६ मध्ये जन्मलेल्या, तेव्हा भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानल्या गेलेल्या बाळाशी निगडित शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांनीच पुढे मुखर्जींच्या नोंदी तपासून त्यांचा अग्रमान जाहीरपणे मान्य केला. भ्रूण गोठवून नंतर सोडण्याची आज जगभर रूढ झालेली पद्धत मुखर्जींच्याच वाटेने जाते.

गोठवलेले भ्रूण गोळ्या-औषधांनी तयार केलेल्या चक्रात सोडताना बीज बाहेर पडलेलेच नसते, म्हणून सगळे प्रोजेस्टेरॉन बाहेरून द्यावे लागते. प्रत्यारोपणाच्या सुमारास रक्तातील पातळी मिलिलिटरमागे साधारण १० नॅनोग्रॅमच्या खाली असल्यास यश कमी मिळते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तरीही योनिमार्गे दिलेले औषध गर्भाशयाला थेट पोहोचते, त्यामुळे रक्तातला आकडा अस्तराची खरी स्थिती पूर्णपणे सांगत नाही.

प्रत्यारोपणानंतर साधारण दोन आठवड्यांच्या आत बीटा एचसीजी (गर्भ रुजल्यावर रक्तात दिसणारे संप्रेरक) तपासले जाते. येथे एका आकड्यापेक्षा त्याची वाढ महत्त्वाची असते. म्हणून ४८ तासांनी चाचणी पुन्हा करतात आणि निरोगी गर्भधारणेत बहुधा दोन-तीन दिवसांत पातळी दुप्पट होते. ट्रिगर इंजेक्शनही पुष्कळदा एचसीजीचेच असते आणि त्याचा अंश शरीरात दहा-बारा दिवस राहू शकतो, त्यामुळे ताज्या भ्रूणाच्या प्रत्यारोपणानंतर घाईने घरी केलेल्या चाचणीतल्या दोन रेघा केवळ त्या इंजेक्शनच्याही असू शकतात.