शालेय समता व सामाजिक एकोपा (ग्रामीण विदर्भ)

शालेय समता व सामाजिक एकोपा (ग्रामीण विदर्भ) : जात, जमात, धर्म वा भाषा यांमुळे एकमेकांपासून तुटून राहणाऱ्या वस्त्यांतील मुलांना बरोबरीने वागवण्यासाठी शाळा, वसतिगृहे व आश्रमशाळा यांनी अवलंबिलेल्या रीती आणि त्यांमागील चळवळी व कायदे. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत गावठाण, त्याला लागून पण वेगळी असलेली बौद्ध वस्ती, बंजाऱ्यांचा तांडा, कोलामांचा पोड, पारध्यांचा बेडा अशी विभागणी आजही दिसते. या सगळ्या वस्त्यांतली मुले रोज एकत्र येण्याचे ठिकाण बऱ्याच गावांत एकच असते, ते म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा.

संकल्पना : शाळेवर वांशिक समतेची जबाबदारी टाकण्याचा विचार ब्रिटनमध्ये विशेष विस्ताराने झाला. २००१ च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली व ब्रॅडफर्ड या शहरांत दंगली झाल्या. पुढे २००६ च्या शिक्षणविषयक कायद्याने सामाजिक एकोपा वाढवणे हे इंग्लंडमधील सरकारी शाळांचे कर्तव्य ठरवले व त्याची अंमलबजावणी सप्टेंबर २००७ पासून सुरू झाली. विदर्भात हाच प्रश्न प्रामुख्याने जातीच्या रूपात उभा राहतो. जात ही वंशातून आली काय, याविषयी अभ्यासकांत जुना मतभेद आहे. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड वंशाशी जोडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ च्या कोलंबिया विद्यापीठातील निबंधात जातीची उपपत्ती अंतर्विवाहाच्या बंधनात शोधली, आणि १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना तशीच मापे वापरून वांशिक सिद्धान्त खोडून काढला. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००२ मध्ये जन्मावर आधारलेल्या भेदभावात जातीचा अंतर्भाव केला. भारत सरकारला मात्र ही व्याख्या मान्य नव्हती. आंबेडकरांचे विवेचन येथे अधिक ग्राह्य धरले आहे. तथापि गोंड, माडिया वा कोरकू मुलांना रंगावरून व बोलीवरून जे हिणवले जाते, ते वंशभेदाच्या फार जवळचे आहे, हे नाकारता येत नाही.

प्रारंभ : सरकारी शाळेत केवळ जातीवरून प्रवेश नाकारू नये, हे तत्त्व १८८२ च्या हंटर आयोगाने पुन्हा मांडले; मात्र ते सावधपणे अमलात आणावे आणि जेथे विरोध असेल तेथे वेगळ्या शाळा काढाव्यात, अशी पुस्तीही जोडली. या पुस्तीमुळे मूळ तत्त्व बराच काळ कागदावर राहिले. नागपूर भागात खरा पाया अस्पृश्य समाजातल्याच कार्यकर्त्यांनी घातला, असे मानण्यास आधार आहे. मोहपा येथे जन्मलेले किसन फागू बनसोडे (१८७९–१९४६) यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. तिचा काळ सामान्यतः १९०७ च्या सुमाराचा दिला जातो. याच नावाची शाळा १९२० च्या दशकाच्या प्रारंभी जाईबाई चौधरी यांनी काढल्याची नोंदही आढळते. काही लेखनात या दोन्ही एकच समजल्या गेल्या आहेत. दोन्ही कालनिर्देशांत दीड दशकाचे अंतर आहे आणि संस्थापकांची नावेही वेगळी आहेत. त्यामुळे त्या दोन स्वतंत्र शाळा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

उमरेडच्या जाईबाईंचा वृत्तांत या विषयात फार मोलाचा आहे. रेल्वेवर ओझी वाहणाऱ्या या मुलीला एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिक्षण मिळाले व मिशनच्या शाळेत नोकरीही लागली. महार बाई शिकवते हे कळताच सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि जाईबाईंना ती नोकरी सोडावी लागली. पुढे त्यांनी स्वतःची शाळा काढली. वर्गात कोण बसतो यापेक्षा वर्गापुढे कोण उभा राहतो याला झालेला हा विरोध होता. विदर्भातील शालेय समतेचा पुढचा सारा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो : मूल शाळेत घेतले जाते, पण शिकवणारा, पाणी देणारा व अन्न शिजवणारा कोण, यावर गावाची परीक्षा होते.

वऱ्हाडात वसतिगृहांचे कार्य शाळांपेक्षाही मोठे ठरले. अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) यांनी काढलेले श्रद्धानंद छात्रालय हे त्यांतील ठळक उदाहरण. त्याच्या स्थापनेचे वर्ष चरित्रांत बहुधा १९२६ असे येते. परंतु ज्या स्वामी श्रद्धानंदांचे नाव त्याला दिले, त्यांची हत्या दिल्लीत २३ डिसेंबर १९२६ रोजी झाली. नाव स्मरणार्थ दिले असेल तर स्थापना १९२७ च्या आधी नेणे अवघड जाते. छात्रालय आधी सुरू होऊन नामकरण मागाहून झाले असणेही शक्य आहे. १९२७ मध्येच अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाची चळवळ उभी राहिली, ही गोष्टही उत्तरकालीन तारखेला अनुकूल आहे. निश्चित निर्णय बाजूला ठेवून ‘१९२६-२७’ असा निर्देश करणे बरे. छात्रालयाचा खर्च मुष्टिफंडावर चाले. घरोघरून मूठमूठ धान्य गोळा होई आणि ते एकाच चुलीवर शिजे. कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या घरातले धान्य एका भांड्यात पडणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे १९३१-३२ च्या सुमारास निघालेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने खेड्यापाड्यांत शाळा नेल्या.

गाडगे महाराज (१८७६–१९५६) व तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) हे दोघेही अमरावती जिल्ह्यातले. एकाने कीर्तनातून ‘ताट विका, पण पोराला शिकवा’ या आशयाचा आग्रह धरला, तर दुसऱ्याने सामुदायिक प्रार्थनेत सर्व धर्मांच्या लोकांना एका ओळीत बसवले. तुकडोजींचा आश्रम असलेल्या गुरुकुंज मोझरीच्या परिसरातील अनेक शाळांच्या परिपाठावर या प्रार्थनेची छाप दिसते.

सेवाग्राम व नई तालीम : वर्धा येथे २२-२३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेतून व झाकीर हुसेन समितीच्या अहवालातून गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची, योजना पुढे आली. सेवाग्रामच्या शाळेची धुरा आशादेवी व ई. डब्ल्यू. आर्यनायकम् या दांपत्याने वाहिली. टकळीवरची सूतकताई सर्वांना ठाऊक असते. समतेच्या दृष्टीने महत्त्वाचे काम मात्र स्वयंपाकघरात आणि संडासात होत होते. भाजी चिरणे, पोळ्या लाटणे, झाडलोट व सफाई हा अभ्यासक्रमाचाच भाग होता व त्याच्या पाळ्या सर्व मुलांना लागत. जे काम गावाने एका जातीच्या माथी मारले होते, ते ब्राह्मणाच्या व कुणब्याच्या मुलाने हातात घेतले. हस्तोद्योगाच्या शिक्षणाने जातिव्यवसायच पक्के होतील, हा या पद्धतीवरील आक्षेप वजनदार आहे. ज्यांच्या पूर्वजांना झाडू सोडता आला नाही, त्यांच्या मुलांना शाळेतही झाडूच द्यावा काय, या प्रश्नाला पाळीच्या पद्धतीने अर्धेच उत्तर मिळते. सेवाग्रामचे आनंद निकेतन विद्यालय ही परंपरा आज पुढे चालवते.

कायदा व दैनंदिन व्यवहार : संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने शाळेत वा वसतिगृहात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल व वंचित घटकांतील मुलांशी भेदभाव होणार नाही याची जबाबदारी शासनावर टाकली. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणशीर जागा, अशीही तरतूद केली.

व्यवहारात कसोटी लागते ती दुपारच्या खिचडीला. शिजवलेले अन्न द्यावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ नोव्हेंबर २००१ चा. स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित व आदिवासी स्त्रियांना प्राधान्य द्यावे, हा २० एप्रिल २००४ चा. प्राथमिक वर्गाच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम व उच्च प्राथमिकच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ मिळतो. मुले ताट घेऊन व्हरांड्यात ओळीने बसतात, मोठ्या वर्गातली दोघे-तिघे वाढतात. एखादे पोर ‘पोट दुखते’ म्हणून ताट पुढे करत नाही किंवा घरून डबा आणू लागते. कारण विचारले तर सांगत नाही, पण वर्गाला ते ठाऊक असते. अशा वेळी मुलाला रागे भरून काही साधत नाही, कारण तो नकार घरातून आलेला असतो. वाढण्यापूर्वी मोठ्यांनी अन्न चाखून पाहावे, हा नियम मूलतः सुरक्षिततेसाठी आहे. अनुभवी बडे गुरुजी (मुख्याध्यापक) त्याचा उपयोग वेगळा करतात : गावातल्या वजनदार घरच्या एखाद्या आईला समितीची सदस्य म्हणून चाखायला बोलावतात आणि ती सर्वांदेखत घास घेते. परिपाठातल्या दहा भाषणांनी होत नाही ते या एका घासाने होते, असे आवर्जून नोंदवावेसे वाटते. पाण्याचेही तसेच. माठातून कोणी पाणी काढायचे हा वाद नळाच्या तोट्यांनी बऱ्याच अंशी मिटवला. माठ शिल्लक असेल तेथे पाणी भरण्याची पाळी सर्वांना लावणे, हाच उपाय.

जातीची नोंद : ज्या शाळेने जात विसरायला शिकवावे, तिच्याच दाखल-खारीज रजिस्टरात जात कायमची लिहिली जाते. हे टाळता येत नाही, कारण सवलतींचा आधार तोच असतो. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे पुरावे लागतात व त्यांत आजोबांच्या शाळेतील नोंद सर्वांत भक्कम धरली जाते. जुन्या गुरुजींनी घाईत केलेली एक नोंद तीन पिढ्यांना भोवू शकते. विदर्भातील हलबा-कोष्टी वाद (कोष्टी विणकरांना हलबा या अनुसूचित जमातीचे मानावे काय) याचे उदाहरण असून त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००० रोजी निर्णय दिला. १९५६ च्या नागपूर व चंद्रपूर येथील धम्मदीक्षेनंतर रजिस्टरात ‘महार’, ‘बौद्ध’, ‘नवबौद्ध’ अशा भिन्न नोंदी होऊ लागल्या. केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळाल्या त्या १९९० मध्ये. रजिस्टर कपाटात राहते. शिष्यवृत्तीची यादी मात्र वर्गात मोठ्याने वाचली जाते आणि त्या क्षणी कोण कुठला हे साऱ्यांना कळते. यादी पालकांना स्वतंत्रपणे कळवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे व तो सर्वत्र व्हायला हवा.

संविधानाची प्रास्ताविका : आज देशभर साजरा होणाऱ्या संविधान दिनाचे एक मूळ विदर्भात आहे. नागपूर जिल्हा परिषदेचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी २००५ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रास्ताविकेच्या वाचनाचा उपक्रम सुरू केला. राज्य शासनाने २००८ मध्ये २६ नोव्हेंबर हा दिवस पाळण्याचे ठरवले, तर केंद्राने २०१५ मध्ये. २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रात शाळांच्या परिपाठात प्रास्ताविका आली.

आदिवासी व भटके समूह : गडचिरोली, मेळघाट व यवतमाळच्या काही भागांत भेदाची पहिली भिंत भाषेची असते. माडिया, गोंडी, कोलामी किंवा कोरकू बोलणारे मूल पहिलीत मराठी ऐकून गप्प राहते आणि ‘मठ्ठ’ ठरते. हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाने (१९७३) १९७० च्या दशकातच माडिया मुलांसाठी निवासी शाळा काढली. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिच्या मान्यतेवरून शिक्षण विभागाशी वाद झाला. आपल्या भाषेत शिकवणाऱ्या ग्रामसभेला अनधिकृत ठरवणे समतेच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चव्हाळा येथे फासेपारधी मुलांसाठी निघालेली प्रश्नचिन्ह शाळा अशाच स्वबळाच्या प्रयत्नातून उभी आहे. आश्रमशाळांनी मुले शाळेत टिकवली, परंतु तेथे बहुतांशी एकाच समूहाची मुले एकत्र राहतात, त्यामुळे इतर समाजाशी मिसळण्याचा हेतू मागे पडतो.

पश्चिम विदर्भात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळाही आहेत. मराठी व उर्दू शाळा जवळजवळ असल्यास क्रीडास्पर्धा, तान्हा पोळा व स्वातंत्र्यदिनाची प्रभातफेरी एकत्र होते.

सद्यःस्थिती : तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळा निघाल्यापासून ज्यांना परवडते त्यांची मुले सकाळी व्हॅनने निघून जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मागे राहतात ती मुख्यतः शेतमजुरांची, बौद्ध, बंजारा व आदिवासी कुटुंबांची मुले. एका ओळीत बसण्याची रीत तीच राहते, पण ज्यांच्याशेजारी बसायचे तेच ओळीत नसतात. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांचा लाभ लहान खेड्यांना फारसा पोचत नाही, कारण तशी शाळाच गावात नसते. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये मांडला. त्यातून वेगवेगळ्या वस्त्यांची मुले एकत्र येऊ शकतील, असे समर्थक म्हणतात. पावसाळ्यात पोडावरून, बेड्यावरून वा नाल्यापलीकडच्या टोल्यावरून लहान मूल, विशेषतः मुलगी, रोज तेथवर जाईल काय, हा विरोधकांचा प्रश्न अधिक निकडीचा आहे.