सीटी व्हॅल्यू म्हणजे परीक्षेचे मार्क नाहीत
कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, म्हणजे २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, आरटी-पीसीआर टेस्टचा रिपोर्ट आला की जो तो त्यावरचा आकडा विचारायचा, "सीटी किती आला?" १७ म्हटलं की घरात रडारड आणि ३० म्हटलं की "मग काय, माइल्डच आहे". हा आकडा येतो कुठून हे मात्र फारसं कुणी विचारत नव्हतं.

कोरोनाचा विषाणू आरएनएवाला आहे, म्हणजे त्याची जनुकीय माहिती डीएनएऐवजी आरएनएवर लिहिलेली असते. ही सगळी माहिती, म्हणजे त्याचा जीनोम, साधारण ३० हजार अक्षरांचा. जानेवारी २०२० मध्ये चिनी संशोधकांनी तो जगासमोर ठेवला आणि दोन-तीन दिवसांतच बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमधल्या क्रिस्टियान ड्रोस्टेन यांच्या टीमने बनवलेली टेस्टची पद्धत डब्ल्यूएचओमार्फत सगळ्यांना फुकट मिळाली. आपल्याकडे सुरुवातीला सॅम्पल पुण्याच्या एनआयव्हीकडेच (राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे) जायची.

तर नाकात काडी घातली, डोळ्यात पाणी आलं, ती काडी व्हीटीएमच्या (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवाच्या) ट्यूबमध्ये टाकून थंड डब्यातून लॅबला गेली. तिथे आधी विषाणू फोडून आतला आरएनए वेगळा काढतात, हे खरं किचकट काम. पण पीसीआर, म्हणजे कॉप्या वाढवत न्यायची पद्धत, चालते फक्त डीएनएवर, म्हणून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं एन्झाइम घालून आरएनएची डीएनए कॉपी करून घेतात (आरटी-पीसीआरमधलं आरटी ते हेच). मग मशीन ते मिश्रण ९५ डिग्रीपर्यंत तापवतं, डीएनएचे दोन धागे सुटे होतात, थंड केलं की प्रायमर म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे फक्त कोरोनाच्याच ठराविक जागी जाऊन चिकटतात आणि तिथून नवा धागा तयार होतो, एकाचे दोन. परत तापवा, दोनाचे चार. असं ४० वेळा. एवढ्या उष्णतेत टिकणारं एन्झाइम मुळात अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या एका बॅक्टेरियाचं आहे, तो सापडला नसता तर दर फेरीला नवीन एन्झाइम ओतत बसावं लागलं असतं!

मिश्रणात एक प्रोबही असतो, नवीन कॉपी बनली की तो थोडा उजेड देतो. हा उजेड ठरलेल्या रेषेच्या वर ज्या फेरीत जातो ती फेरी म्हणजे तुमची सीटी व्हॅल्यू. म्हणजे विषाणू जितका जास्त तितका आकडा लहान. दर फेरीला दुप्पट धरलं तर २० आणि ३० मधला फरक हजारपटीचा होतो.

पण हजारपट कशात, तर त्या काडीवर जे आलं त्यात! तुमच्या फुप्फुसात काय चाललंय ते त्यात नाही. काडी नीट आत गेली नाही, सॅम्पल उन्हात पडून राहिलं, किट वेगळं वापरलं, की आकडा बदलतो. म्हणून तर बऱ्याच किटमध्ये माणसाचं एक जीनसुद्धा सोबत तपासतात, तेच दिसलं नाही तर सॅम्पल घेताना किंवा पुढे लॅबमध्ये काहीतरी चुकलंय. शिवाय ३३ आला तर आजार उतरतोय की अजून चढायचाय हे एका रिपोर्टवरून कळत नाही, आणि बरं झाल्यावरही आठवडेच्या आठवडे आरएनएचे मेलेले तुकडे सापडत राहतात, तेव्हा पॉझिटिव्ह आला म्हणजे तो माणूस अजून पसरवतोय असंही नाही. महाराष्ट्र सरकारने त्याच काळात आयसीएमआरला (वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय संस्था) विचारलं होतं की पॉझिटिव्ह धरायची मर्यादा ३५ वरून २४ वर आणायची का. उत्तर आलं, नको, त्याने लागण झालेले बरेच लोक निसटतील. माझ्या मते बरोबरच होतं ते.

अँटिजन टेस्टमध्ये ही दुप्पट करायची भानगडच नाही. पट्टीवरच्या अँटिबॉडी विषाणूचं प्रोटीन पकडतात आणि अर्ध्या तासाच्या आत रेघ उमटते. विषाणू भरपूर असेल तरच दिसणार, म्हणून पॉझिटिव्ह आली तर खरी माना, पण ताप-खोकला असून निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर कराच, आयसीएमआरचा नियमही तोच होता. या दोन्हींच्या मधलं ट्रूनॅट, गोव्याच्या मोलबायो कंपनीचं, टीबीसाठी आधीपासून वापरात होतं. बॅटरीवर चालणारं छोटं मशीन, एसी लॅब नको, त्यामुळे जिथे मोठी पीसीआर लॅब नव्हती तिथे कोरोनाची टेस्टही त्यावर करता आली.